डग्गा गेला कुठं?

या महिन्याच्या पत्रांतली चार पत्रं एकाच रडगाण्याची आहेत: रेकॉर्ड लावली की बेस येत नाही. बेळगावच्या शहापुरात माझं दुकान होतं तेव्हाही हीच तक्रार सगळ्यांत जास्त यायची. मराठी गिऱ्हाईक म्हणायचं, "आवाज पत्र्यागत येतोय." कन्नड गिऱ्हाईक दारातूनच सांगायचं, "बेस इल्ला री," म्हणजे बेस नाही हो. आजार एकच, पण त्याची कारणं चार घरांत चार. म्हणून चारही पत्रं घेतली. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण तो गृहस्थ पैसे घालवायच्या बेतात आहे.

काका, नमस्कार. मी निपाणीचा. आमच्या बाबांची तंबाखूची वखार होती. दुपारी घरी आले की रेकॉर्ड लावून आडवे व्हायचे. ते गेले, वखार विकली, दीडशेभर एलपी राहिल्या. गेल्या दिवाळीत पुण्याहून वापरलेला टर्नटेबल आणला. अ‍ॅम्प आणि दोन उभे स्पीकर घरात होतेच. पण भीमसेनजी डब्यात बसून गातायत असं वाटतं. तबल्याची चाट कानात टोचते, डग्गा नाहीच. व्हॉल्यूम पाऊण फिरवावा लागतो. त्याच अ‍ॅम्पला ऑक्सवर, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या जागी, मोबाईल लावला की मात्र खिडकीची तावदानं थरथरतात. मित्र म्हणतो, सबवूफर घे. घेऊ का?

घेऊ नका. तावदानं थरथरतात हे लिहिलंत आणि माझं अर्धं काम तुम्हीच केलंत. अ‍ॅम्प ठणठणीत, स्पीकरही ठणठणीत. जे काय बिघडलंय ते त्यांच्या अलीकडं. सबवूफर आणलात तर जो बेस अ‍ॅम्पपर्यंत पोचतच नाही, तो वाजवायला आणखी एक डबा दारात उभा राहील.

एक गोष्ट दुकानात समजावून सांगताना माझा चहा थंड व्हायचा, इथं निवांत सांगतो. रेकॉर्डवर बेस पूर्ण भरलेलाच नसतो. खर्जाचा स्वर सुईला आडवं फार हलवतो. आहे तसा कापला तर एक खोबण शेजारच्या खोबणीत घुसेल. ते टाळायला खोबणी लांब लांब ठेवल्या तर वीस-बावीस मिनिटांचा ख्याल एका बाजूवर बसायचा नाही. म्हणून कापतानाच खर्ज दाबतात आणि वरचे सूर चढवतात. वाजवताना बरोबर याच्या उलट करायचं: खर्ज चढवायचा, वरचं उतरवायचं. वरचं उतरवताना रेकॉर्डची खरखरही त्याबरोबर उतरते, हा त्यातला दुसरा फायदा. किती दाबायचं आणि किती चढवायचं, ते १९५४ पासून ठरलेलं आहे. त्याला आर. आय. ए. ए. या अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची रेघ म्हणतात. मधला १००० हर्ट्झचा सूर आहे तसा ठेवायचा, १०० हर्ट्झचा साधारण साडेचारपट, ५० हर्ट्झचा सातपट करायचा आणि १०,००० हर्ट्झचा पाचव्या हिश्श्यावर आणायचा.

हे कोण करतं? स्पीकर नाही, सुईही नाही. ते काम फोनो प्रीअ‍ॅम्पचं. तो जुन्या अ‍ॅम्पमध्ये 'फोनो' नावाच्या सॉकेटमागं बसवलेला असतो, काही टर्नटेबलांच्या पोटातच असतो, नाहीतर वेगळी डबी मिळते. आणखी एक काम त्याच्याकडंच असतं. सुई ज्यात बसवलेली असते त्या मॅग्नेटवाल्या ठोकळ्यातून, म्हणजे कार्ट्रिजमधून, जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट निघतात, ते शंभरेक पटीनं वाढवायचं. मोबाईल अर्धा-एक व्होल्ट देतो. आता तुमचंच पत्र परत वाचा. व्हॉल्यूम पाऊण, चाट टोचते, डग्गा नाही. तिन्ही लक्षणं एकाच माणसाच्या गैरहजेरीची आहेत.

टर्नटेबलाच्या पाठीमागं वायर निघते तिथं एक बारीक सरकबटण आहे का बघा. एका बाजूला फोनो, दुसऱ्या बाजूला लाइन. माझी खात्री आहे, ते फोनोवर असणार. रेकॉर्डच वाजवायची आहे, मग फोनोवरच ठेवायचं, असं कुणालाही वाटेल. पण त्याचा अर्थ उलटा: फोनोवर असेल तर आतला प्रीअ‍ॅम्प बंद, कच्चा आवाज बाहेर. तो ऑक्समध्ये गेला की पत्रा वाजणार. अ‍ॅम्प बंद करून बटण लाइनकडं सरकवा. फक्त लाइनवर असताना वायर अ‍ॅम्पच्या फोनो सॉकेटमध्ये घालू नका, नाहीतर दोनदा चढवलेला बेस स्पीकर फाडायला निघेल.

एवढं लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. मग वाटलं, महिनाभर कशाला थांबवायचं, म्हणून फोन केला. संध्याकाळी त्यांचा उलट फोन: "काका, आवाज आला, टोचायचंही थांबलं. पण डग्गा अजून धरत नाही. आणि गाणारा माणूस कुठं बसलाय तेच कळत नाही."

ही दुसरी खूण फार मोलाची. मी त्यांना मोनो रेकॉर्ड लावायला सांगितली. मोनोत दोन्ही स्पीकरला एकच आवाज जातो, त्यामुळं गायक बरोबर मधोमध बसला पाहिजे. तो मधोमध बसत नसेल, दोन्ही कानांच्या बाजूंनी कुठूनतरी येत असेल, तर एक बाजू उलटी जोडलेली आहे. एक स्पीकर हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो. वरच्या सुरांत हे फारसं कळत नाही. खर्जाच्या लाटा लांब, त्या एकमेकींना खाऊन टाकतात. अ‍ॅम्पला मोनोचं बटण असलं तर काम आणखी सोपं: दाबल्यावर आवाज जवळजवळ गायबच झाला तर समजा, पकडला. त्यांचा झाला.

आता उलटं कुठं? मोबाईल चांगला वाजतो, म्हणजे स्पीकरच्या तारा सरळ आहेत. उरलं कार्ट्रिज. विकणाऱ्यानं ते नुकतंच बदलून दिलं होतं म्हणे.

कार्ट्रिजच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पिना असतात आणि त्यांवर चार केसासारख्या तारा, टोकाला बारीक पितळी कुंच्या. पांढरी डाव्या बाजूची, निळी तिची जमीन, म्हणजे परतीची तार. तांबडी उजव्या बाजूची, हिरवी तिची जमीन. कार्ट्रिजवर त्याच रंगांचे ठिपके किंवा एल, आर, जी अशी अक्षरं असतात. त्यांच्याकडं तांबडी आणि हिरवी अदलाबदल झालेली निघाली. हे बदलताना आधी अ‍ॅम्प बंद करा आणि सुईला तिचं झाकण घाला. कुंची बोटानं ओढू नका, तार तिथंच तुटते. चिमट्यानं कुंचीलाच धरून सरळ मागं काढायची. पिनेवर बसवताना घट्ट जात असेल तर दात कोरायची काडी कुंचीत अर्धा मिलिमीटर घालून तिला किंचित सैल करा. सैल झालेली असेल तर चिमट्यानं हलकं दाबा. कार्ट्रिज हातात असताना पिनेवर सोल्डर लावायचा मोह होतो. लावू नका, आतलं रीळ जळतं.

त्या विकणाऱ्यावर रागवू नका. पंचवीसेक वर्षांपूर्वी ही चूक मी स्वतः केलीय. टिळकवाडीतल्या एका वकिलांचं कार्ट्रिज बदललं, एका कानाला हेडफोन लावून तपासलं, चांगलं वाजलं, देऊन टाकलं. एका कानात उलटं कसं कळणार? आठ महिन्यांनी वकीलसाहेब दुकानात आले. तक्रार घेऊन नाही, नवे स्पीकर कुठले घेऊ ते विचारायला. मी घरी गेलो, बघितलं आणि घाम फुटला. पैसे परत दिले, त्यांनी घेतले नाहीत. तेव्हापासून मोनो रेकॉर्ड लावून दोन्ही स्पीकरसमोर बसल्याशिवाय मी कुणाचं मशीन दिलं नाही.

निपाणीकरांसाठी जाता जाता आणखी एक. अ‍ॅम्पचं बेसचं बटण बघून घ्या. टर्नटेबलाची अर्थिंगची बारीक वायर अ‍ॅम्पच्या स्क्रूला लावली नसली की 'घूंऽऽ' असा वीजप्रवाहाचा आवाज येतो, ५० हर्ट्झचा. कितीतरी घरांत तो घालवायला कुणीतरी बेस शून्यावर नेऊन ठेवलेला मी बघितलाय. वायर लावायची आणि बटण परत मध्यावर आणायचं, एवढंच काम.

खानापूरहून एक शिक्षिका लिहितात: आजोबांचा सुटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर होता. त्याचा स्वतःचा आवाज बंद पडलाय, म्हणून भाच्यानं त्यातून वायर काढून नव्या अ‍ॅम्पच्या ऑक्सला जोडली. वाजतं, पण नुसतं चिरकं. फोनो प्रीअ‍ॅम्प घ्यायला दुकानदार सांगतो.

बाई, दुकानदाराचं औषध निपाणीच्या रोग्याचं आहे, तुमच्या नाही. त्या काळच्या पेटीतल्या प्लेअरमध्ये मॅग्नेटचं कार्ट्रिज नसतं. तिथं स्फटिकाचं किंवा सिरॅमिकचं असतं. सुई त्याला पिळते आणि त्यातून थेट वीज निघते, तीही शेकडो मिलिव्होल्ट. ती वाढवायची गरज नसते, रेघेप्रमाणं बेस चढवायचीही फारशी नसते. त्याला हवी असते ती मोकळीक. पुढच्या यंत्राचा विरोध दहा लाख ओहमच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतो, म्हणजे एक-दोन मेगओहम. नव्या अ‍ॅम्पच्या ऑक्सला तो बहुतेक पन्नास हजारांच्या आत असतो. इतक्या कमी विरोधावर सिरॅमिक कार्ट्रिजचा खर्ज गळून जातो. साडेपाच हजार हर्ट्झच्या खाली एक सप्तक उतरलं की आवाज निम्मा, आणखी एक उतरलं की पाव. डग्ग्यापर्यंत पोचेस्तोवर काय उरणार?

भाचा हातानं काम करणारा दिसतो, त्याला एक एफ. ई. टी. ट्रान्झिस्टर वापरून मेगओहमचा बफर, म्हणजे कार्ट्रिज आणि ऑक्स यांच्यामधलं छोटं सर्किट, करायला सांगा. दोनचार रेझिस्टर, एक बॅटरी आणि रविवारची एक दुपार, एवढंच लागेल. त्याहून चांगलं म्हणजे पेटीतलाच अ‍ॅम्प दुरुस्त करणं. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असणार, ते बदलले की बहुधा बोलू लागतो. माझं मत विचाराल तर तेच करा. ती पेटी त्याच कार्ट्रिजसाठी बेतलेली आहे, तिचा बेस थोडा असतो पण गोड असतो.

आता पाऊस. तुमच्या खानापूर-जांबोटीकडं जूनपासून चार महिने भिंतीला हात लावला तरी ओला होतो. जुनी स्फटिकाची कार्ट्रिजं रोशेल सॉल्टची असायची. मीठच ते, ओल खातं. ओल शिरली की आतल्या आत वीज पाझरते आणि आधी बेस जातो, मग सगळंच. जांबोटीच्या एका गृहस्थांनी पावसाळ्यात मंद झालेला पिकअप, म्हणजे कार्ट्रिजच, वाळवायला म्हणून चुलीवरच्या फळीत ठेवला होता. झालं, संपला. रोशेल सॉल्टला साधारण ५५ अंशांवर ताप सोसत नाही. तुमचं कार्ट्रिज पेटीच्या दुरुस्त अ‍ॅम्पवरही पुटपुटतच राहिलं, तर ते असंच गेलेलं असेल. त्याच्या जागी सिरॅमिक बसवा, त्याला ओल बाधत नाही. सुईचा दाब मात्र मॅग्नेटवाल्याइतका दीड-दोन ग्रॅम ठेवून चालायचं नाही. या जातीला चार-पाच ग्रॅम लागतात, कमी ठेवलात तर सुई खोबणीत उड्या मारेल.

चिक्कोडीहून: आमच्याकडं पणजोबांच्या लाखेच्या रेकॉर्डी आहेत, मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या. नव्या टर्नटेबलवर ७८ स्पीड आहे, पण बेस अजिबात नाही.

त्यातल्या काहींत नसणारच. १९२५ च्या आधी रेकॉर्ड भरायला मायक्रोफोन वापरत नव्हते. गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा, त्याच्या श्वासाच्या जोरावर मेण कापलं जायचं. कलकत्त्यात १९०२ मध्ये गौहर जान गायल्या त्या अशाच. खर्जाचे खालचे सूर त्या कर्ण्यातून पलीकडं गेलेच नाहीत, ते आता कुठून आणायचे? त्यानंतरच्या, विजेवर भरलेल्या रेकॉर्डींत बेस आहे, पण १९५४ च्या आधी प्रत्येक कंपनीची रेघ वेगळी होती, त्यामुळं आजच्या प्रीअ‍ॅम्पवर थोडं कमीजास्त होणार. बेसच्या बटणानं कानाला पटेल तसं करून घ्या. पण सुई बदलली का? एलपीची सुई ७८च्या रुंद खोबणीत तळाशी लोळते आणि नुसती खरखर वेचते. ७८साठी जवळपास चौपट जाड टोकाची वेगळी सुई मिळते. ती आधी घ्या.

टिळकवाडीहून एक निवृत्त बँक अधिकारी: सगळं तपासून झालं. तारा सरळ, प्रीअ‍ॅम्प चांगला, सुई नवी. तरी माझ्या खुर्चीत बसलं की तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येत नाही. आणि सौ. म्हणते, आत स्वयंपाकघरात छान ऐकू येतो. ही काय भानगड?

वहिनींचे कान चांगले आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवा. तुम्ही खोलीचा नकाशा काढून पाठवलात ते बरं केलंत. जुन्या घराचा सोपा, चोवीस फूट लांब आणि आठ फूट रुंद. दोन्ही स्पीकर लांब भिंतीला टेकून, आणि खुर्ची त्यांच्यासमोर चार फुटांवर. म्हणजे आठ फुटांच्या बरोबर मध्यावर.

आता हिशोब बघा. काळी एकचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. आवाज सेकंदाला अकराशे तीस फुटांच्या आसपास धावतो. त्याला ६९नं भागलं की सव्वासोळा फुटांच्या वर एक लाट येते, तिची निम्मी आठ फूट. तुमच्या खोलीची रुंदी नेमकी तेवढीच. ही लाट दोन भिंतींत अडकून उभी राहते. भिंतीजवळ तिचा जोर सगळ्यांत जास्त, मध्यावर शून्य. दोरीच्या उड्यांची दोरी बघितलीय ना, तिच्या उलट. तुम्ही शून्यात बसलाय आणि वहिनी सोप्याच्या भिंतीपलीकडं, दारातून येणाऱ्या आवाजात उभ्या आहेत.

एक तपासणी करा. 'आपल्या सुळेभावीच्या कुमारजींची' म्हणून लिहिलंत ती रेकॉर्ड लावा, तंबोरा सुरू झाला की उठून चालत मागच्या भिंतीपर्यंत जा. पाठ भिंतीला लागेपर्यंत खर्ज फुगत जाईल. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढं घेऊन काही होतंय का तेही बघा, पण मला वाटतं, खुर्चीच हलवावी लागेल. स्पीकर लांबीच्या टोकाला, चोवीस फुटांकडं तोंड करून ठेवलेत तर सगळ्यांत उत्तम. पण दार आणि दिवाण आडवे येतात असं नकाशात दिसतंय.

आणखी एक, तुम्ही लिहिलंत की नातवंडं झोपल्यावर रात्री हळू लावता. हळू लावल्यावर आपला कान खर्जाला बहिरा होत जातो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये ते मोजून दाखवलंय. तुमच्या जपानी अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण असेल, ते याचसाठी असतं. रात्री दाबा, सकाळी आवाज मोठा केलात की आठवणीनं काढा.

खुर्ची मागच्या भिंतीला नेली तर ती देवघराच्या दारात येते, असंही नकाशात दिसतंय. तेवढं वहिनींना विचारून घ्या.